तारीख उलटल्यावरचे दिवस

डॉक्टरांनी दिलेली तारीख येऊन गेली. दवाखान्याची बॅग दाराशी भरून ठेवली आहे. माहेरून दिवसातून चारदा फोन येतो, शेजारच्या काकू जिन्यात भेटल्या की पोटाकडे बघत "अजून नाही का गं?" विचारतात, आणि बाळासाठी करायला टाकलेलं कपाट अजून सुताराकडेच आहे. हा लेख अशा घरासाठी लिहिला आहे. वाट पाहणाऱ्या बाईसाठी तो आहेच, पण तिच्या नवऱ्यासाठी, आईसाठी आणि सासूबाईंसाठी जास्त आहे, कारण या दिवसांतली बरीचशी कामं तिने करायची नाहीत.

आधी तारखेचं बघू. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, म्हणजे नऊ महिने आणि सात दिवस, असा हा हिशेब आहे. फ्रान्झ नेगेले या जर्मन प्रसूतितज्ज्ञाच्या नावाने तो एकोणिसाव्या शतकापासून चालत आला. आपल्याकडच्या आज्या नऊ महिने नऊ दिवस म्हणायच्या. फरक दोनच दिवसांचा. पण या गणितात प्रत्येक बाईची पाळी २८ दिवसांनी येते असं धरलेलं असतं. जिची ३५ दिवसांनी येते तिची तारीख अर्थातच पुढे सरकायला हवी. ठरल्या तारखेलाच जन्मणारी बाळं शंभरात जेमतेम चार-पाच. पहिलटकरणीचे दिवस थोडे वर जाणं तर अगदी नेहमीचं. म्हणून तारखेनंतर तीन-चार दिवस गेले एवढ्यावरून काही बिनसलं आहे असं समजू नका. काळजीपूर्वक लक्ष ठेवायचं ते ४१ आठवडे जवळ येऊ लागले की, आणि ४२ च्या पुढे तर जाऊच द्यायचं नाही, असा आजच्या प्रसूतिशास्त्राचा साधारण कौल आहे.

इथे एका गोष्टीवरून घरोघरी गोंधळ होतो. फाइल उघडली की प्रत्येक सोनोग्राफीच्या कागदावर वेगळी तारीख दिसते. एकात बारा तारीख, दुसऱ्यात अठरा, शेवटच्या कागदावर पंचवीस. मग घरातलं कोणीतरी सोयीची तारीख धरून बसतं. पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीत बाळाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजून काढलेलं वय सर्वांत भरवशाचं असतं, कारण त्या काळात सगळी बाळं जवळपास सारख्याच गतीने वाढतात. पुढे कोणी अंगाने थोराड होतं, कोणी चणीने लहान राहतं, आणि नंतरच्या कागदांवरच्या तारखा मुख्यतः बाळाची वाढ सांगतात. त्यांच्यावरून मूळ तारीख पुढे ढकलायची नसते. तेव्हा आजच डॉक्टरांना विचारून एकच तारीख पक्की करा, आठवडे आणि दिवस मोजा आणि फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवा. रात्री-अपरात्री ड्यूटीवरच्या नव्या डॉक्टरांसमोर गेलात तर पहिला प्रश्न हाच असतो.

दिवस वर जाण्यात काळजीचं काय असतं? बाळाला पोसणारी वार ठरावीक मुदतीसाठी असते. ती मुदत उलटली की हळूहळू तिचं काम मंदावू शकतं. गर्भजल कमी होऊ शकतं. बाळ पोटातच शी करून बसलं तर ती त्याच्या फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. बाळ मोठं होतं आणि बाळंतपण अवघड जातं. पोटातच बाळ दगावण्याचा धोका एकंदरीत कमी असला, तरी ४१ आठवड्यांनंतर तो वाढत जातो. म्हणूनच जिच्या दिवसांचा हिशेब नक्की आहे अशा बाईला ४१ आठवडे पूर्ण झाल्यावर औषधाने कळा आणाव्यात, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. रक्तदाब वाढलेला असेल, साखर असेल, बाळाची वाढ कमी असेल, तर डॉक्टर इतकंही थांबत नाहीत. शेजारणीला दहा दिवस वर गेले होते आणि सगळं छान झालं, हा दाखला अशा वेळी उपयोगाचा नाही.

तारीख उलटली की तपासण्या वाढतात. पोटाला पट्टे बांधून वीस मिनिटं ते अर्धा तास बाळाच्या ठोक्यांचा आलेख काढतात. बाळ हललं की ठोके वाढायला हवेत, हे त्यात पाहतात. सोनोग्राफीत गर्भजल मोजतात. आतून तपासून गर्भपिशवीचं तोंड किती मऊ झालं आहे, किती उघडलं आहे तेही बघतात. यातली एकही तपासणी "आज घरी सुतार येणार आहे" किंवा "उद्या अमावास्या आहे" म्हणून पुढे ढकलू नका. मी हे मुद्दाम लिहिते आहे, कारण शिकल्यासवरलेल्या घरांतूनही मूळ नक्षत्र, अमावास्या, ग्रहण अशी कारणं देऊन कळा आणण्याचा दिवस दोन-तीन दिवस लांबवला जातो. श्रद्धा असेल तर पूजा करा, शांत करा, बाळ आल्यावर काय हवं ते करा. पण वारेचं काम पंचांग बघून चालत नाही.

घरी करायची तपासणी एकच, आणि ती यंत्रांइतकीच मोलाची आहे. बाळाची हालचाल. दिवसातून एकदा, साधारण ज्या वेळी बाळ जास्त हलतं त्या वेळी, जेवण झाल्यावर डाव्या कुशीवर पडा आणि मोबाइल बाजूला ठेवून मोजा. लाथ, वळवळ, ढोसणं, सगळं धरायचं. उचकी मात्र धरायची नाही. दोन तासांत दहा हालचाली व्हायला हव्यात. बहुतेक वेळा त्या त्याच्या आत होतात. "दिवस भरले की बाळ शांत होतं, जागा उरत नाही ना" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. ते चूक आहे. जागा कमी झाल्यामुळे हालचालीचा प्रकार बदलतो, उसळी मारण्याऐवजी बाळ वळल्यासारखं वाटतं, पण हालचाल कमी होता कामा नये. नेहमीपेक्षा कमी वाटली तर गार पाणी पिऊन बघू, गोड खाऊन बघू, सकाळपर्यंत वाट पाहू, असं करू नका. सरळ दवाखान्यात जा. आलेख चांगला आला तर घरी परत याल, आणि कोणीही तुम्हाला उगाच आलात म्हणणार नाही. म्हटलं तरी पुन्हा तसं वाटलं तर पुन्हा जा.

पाणी गेलं, विशेषतः हिरवट किंवा काळपट रंगाचं, अंगावरून लाल रक्त गेलं, डोकं असह्य दुखू लागलं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमक आली, छातीखाली जोरात दुखलं, चेहरा एकाएकी सुजला, तर तसंच लगेच निघायचं. कळांचं तसं नाही. खोट्या कळा येतात आणि जातात, चाललं किंवा कूस बदलली की थांबतात. खऱ्या कळा ठरावीक अंतराने येतात, वाढत जातात, कमरेतून पुढे येतात आणि विश्रांती घेतली तरी थांबत नाहीत. पहिल्या खेपेला पाच-पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या कळा तासभर येत राहिल्या की निघावं. दवाखाना लांब असेल, आधीचं बाळंतपण झटपट झालं असेल किंवा आधी सिझेरियन झालं असेल, तर इतकंही थांबू नये.

कळा लवकर याव्यात म्हणून घरगुती उपायांची यादी प्रत्येक जण देतो. एरंडेल तेल त्यात पहिलं. त्याने जुलाब होतात, उलट्या होतात, अंगातलं पाणी कमी होतं, आणि ऐन कळांच्या वेळी बाई गळून जाते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नका. कसलाही काढा किंवा कुठल्याशा पुडीतलं औषधही नको. चालायला हरकत नाही. पण पोर्चमध्ये शंभर फेऱ्या मारून पाय सुजवून घेण्यात अर्थ नाही. या दिवसांत खरी गरज झोपेची असते. दुपारी दार लावून झोपा. पाठीवर मात्र नको, कुशीवर.

औषधाने कळा आणायच्या ठरल्या तर एक गैरसमज सोडून द्या. "कळा आणल्या की शेवटी सिझेरियनच होतं" असं सर्रास म्हणतात. दिवस वर गेलेल्या बायकांचे अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा वाट पाहत बसलेल्यांपेक्षा कळा आणलेल्यांत सिझेरियन जास्त झालेलं दिसलं नाही. उलट थोडं कमीच. मात्र त्याला वेळ लागतो. आधी जेल किंवा गोळी ठेवून पिशवीचं तोंड मऊ करतात, मग गरज पडली तर सलाईनमधून कळांचं औषध देतात. पहिल्या खेपेला एक दिवस, कधी दीड-दोन दिवसही जातात. सकाळी दाखल केलं म्हणजे संध्याकाळी पेढे वाटायचे, अशा अपेक्षेने नातेवाईक दवाखान्याच्या बाकावर येऊन बसले की त्या मुलीवर विनाकारण दडपण येतं. त्यांना आधीच सांगून ठेवा.

आता खोली. दिवस भरत आले की पुष्कळ बायकांना घर आवरण्याचा एक जोर येतो. रात्री अकरा वाजता डबे घासावेसे वाटतात, पडदे धुवावेसे वाटतात. हे स्वाभाविक आहे आणि त्याला नावं ठेवू नयेत. पण स्टुलावर चढणं, पलंग सरकवणं, वाकून फरशी घासणं हे तिने करायचं नाही. पोटामुळे तोल पुढे गेलेला असतो, सांधे सैल झालेले असतात. तिने खुर्चीवर बसून दुपट्यांच्या घड्या घालाव्यात आणि बाकीच्यांना कामं सांगावीत. होणाऱ्या बाबांनी ती ऐकावीत.

आणि मला ठामपणे वाटतं ते असं, की पहिले काही महिने बाळाला वेगळी खोली लागतच नाही. बाळाने आईच्याच खोलीत, पण स्वतःच्या वेगळ्या जागी झोपावं, निदान पहिले सहा महिने तरी, हाच बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आहे. आपल्याकडे बाळंतिणीची खोली म्हणतात ती नेमकी हीच. तेव्हा भिंतीवरचे हत्ती-जिराफ, नवं कपाट, छताला चिकटवायच्या चांदण्या यांतलं काही राहिलं असेल तर बारशानंतर करा. आत्ता चार जागा तयार हव्यात: बाळाची झोपायची, आईची पाजायला बसायची, लंगोट बदलायची, आणि कपडे वाळायची. चौथी जागा सगळे विसरतात. पावसाळ्यात बाळंतपण असेल तर दिवसाला पंधरा-वीस लंगोट वाळवणार कुठे, हा प्रश्न पाळण्याच्या रंगापेक्षा मोठा आहे. गॅलरीत उन्हाच्या बाजूला जादा दोऱ्या बांधून घ्या, घरात एक घडीचं वाळवणीचं स्टँड आणा, आणि दमट लंगोट तसेच न बांधता इस्त्री फिरवून घ्यायचं ठरवा.

झोपायच्या जागेविषयी थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे प्रेमापोटीच चुका होतात. गादी सपाट आणि घट्ट हवी, हाताने दाबली तर खड्डा पडता कामा नये. तिच्यावर ताणून बसवलेली एक चादर, बस्स. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी, बाजूला लोड, मऊ खेळणी, गुबगुबीत रजई हे काही नको. तोंडावर आलेलं कापड नवजात बाळाला दूर करता येत नाही. बाळाला दर वेळी पाठीवरच झोपवायचं. दूध उलटून घशात अडकेल म्हणून कुशीवर झोपवतात, पण निरोगी बाळ पाठीवर असताना गुदमरत नाही हे आता पुरेसं सिद्ध झालं आहे. लाकडी पाळणा असेल तर दोन दांड्यांमधली फट सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. छताच्या कडीला टांगायचा असेल तर कडी आणि दोर एखाद्या जाणत्या माणसाकडून तपासून घ्या, आणि तांदळाचं दहा किलोचं पोतं ठेवून दिवसभर झुलवून बघा. साडीची झोळी आजीच्या देखरेखीखाली दुपारी ठीक. रात्रीच्या झोपेसाठी नको, कारण तिच्यात बाळाची हनुवटी छातीला टेकून श्वास अडू शकतो. पाळण्याच्या वर भिंतीवर जड तसबीर, घड्याळ किंवा फळी असेल तर ती आजच काढा. डासांसाठी छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी उत्तम. कॉइल, उदबत्ती आणि फवारे या खोलीत नकोत.

रंगकाम अजून चालू असेल तर थांबवा. जुना रंग खरवडताना उडणारी धूळ सर्वांत वाईट, कारण जुन्या रंगांत शिसं असू शकतं. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर दहा लाखांत ९० भाग ही मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या भिंतींचा भरवसा नाही. खरवडणं बाकी असेल तर ते पूर्णपणे पुढच्या वर्षावर टाका. नुकताच रंग दिला असेल तर खिडक्या रात्रंदिवस उघड्या ठेवा, आणि वास जाईपर्यंत बाळंतिणीची सोय दुसऱ्या खोलीत करा. नव्या प्लायवूडला आणि पॉलिशलाही हेच लागू. कपाट सुताराकडे अडकलं आहे ना? राहू दे तिथेच. एक स्वच्छ धुतलेली वेताची टोपली किंवा रिकामा खण पुरतो.

बाळ येण्याआधी त्याची वस्तू घरात आणू नये, रिकामा पाळणा टांगू नये, असं मानणारी घरं खूप आहेत. त्यांच्याशी भांडू नका. पाळणा बहिणीच्या घरी तयार ठेवता येतो, बाळंतविडा माहेरच्या कपाटात राहू शकतो. कित्येक घरांत पहिले कपडे घरातल्या मोठ्या भावंडाचे जुनेच घालतात. धुऊन धुऊन मऊ झालेली झबली, टोपडी आणि जुन्या सुती साडीची दुपटी नाजूक कातडीला नव्यापेक्षा चांगलीच. नवे कपडे असतील तर वासाची पावडर न वापरता एकदा धुवून, उन्हात वाळवून, पिशवीत बांधून ठेवा.

शेक-शेगडीचं मात्र स्पष्ट बोलायला हवं. दार-खिडक्या लावून कोळशाची शेगडी ठेवणं आणि ओवा-वेखंडाची धुरी देणं अजून चालतं. बंद खोलीत कोळशापासून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, आणि धूर नवजात फुप्फुसांना सोसत नाही. ऊब हवी तर कपड्यांचा एक थर वाढवा, टोपडं घाला, बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरा. बाळगुटीची सहाण, मधाची बाटली, काजळाची डबी यांना या खोलीत जागा देऊ नका. सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही. मध तर वर्षभर नाही. हे आजीला बाळ झाल्यावर सांगितलं की वाद होतो. आत्ता, निवांत वेळ आहे तेव्हा, डॉक्टरांच्याच तोंडून सांगवून घ्या.

राहिली कागदपत्रं. फाइल, माता-बाल संरक्षण कार्ड, दोघांची आधार कार्डं, विम्याचं कार्ड एका पिशवीत ठेवा. सरकारी रुग्णालयात जाणार असाल तर जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळंतपण, सिझेरियनसुद्धा, मोफत असतं, आणि नेण्या-आणण्याची गाडीही. १०२ आणि १०८ हे क्रमांक घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये हवेत. नोकरी करणाऱ्या बाईने रजेचा हिशेब पुन्हा करावा. पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने मिळते, त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे तारखेच्या आधी घेता येतात. पण बाळ दहा दिवस उशिरा आलं तर ते दहा दिवस नंतरच्या रजेतून कमी होतात. कामावर परतायची तारीख कार्यालयाला आधीच ठामपणे कळवून ठेवू नका. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत व्हावी लागते. नाव ठरलं नसलं तरी चालतं. ते मागाहून घालता येतं.

आणि फोन. "काही झालं का?" हा प्रश्न विचारणाऱ्याच्या तोंडी एकदा येतो, तिला तो दिवसभर ऐकावा लागतो. प्रत्येक वेळी आपलंच काही चुकतंय असं तिला वाटू लागतं. घरातल्या एका माणसाने, शक्यतो नवऱ्याने, सगळ्या नातेवाइकांना एकदाच निरोप पाठवावा: आई-बाळ ठीक आहेत, डॉक्टरांचं लक्ष आहे, बातमी आम्हीच कळवू. मग तिचा फोन फक्त दवाखान्यासाठी मोकळा राहतो. मावशी-आत्यांनी ती रागावेल का याची काळजी करू नये. फोनऐवजी दोन वेळचा डबा पाठवावा.

शेवटची एक विनंती घरातल्या सगळ्यांना आहे. दवाखान्याचा रात्रीचा नंबर आज एकदा लावून बघा, तो खरंच कोणी उचलतं का याची खात्री करा, गाडी कोण चालवणार आणि ती व्यक्ती नसेल तर दुसरं कोण हे ठरवा. आणि तिने पहाटे तीन वाजता उठवून "बाळ आज कमी हलतंय" म्हटलं, तर एकही प्रश्न न विचारता गाडीची किल्ली घ्या.